यंत्राचा वेग कोणी ठरवावा?

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ग्राफिक्स कार्डाचा विषय छापलेला पाहून आमच्या दोघा जुन्या स्नेह्यांनी छापखान्याकडून काही चूक झाली असावी, अशी शंका बोलून दाखविली. ज्याचा जन्म कामगारांच्या मागण्यांची पत्रके काढण्यात गेला त्याने संगणकाच्या पोटातील एका पाटीविषयी तासभर बोलावे, हे त्यांना पटेना. त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. आम्ही या विद्येचे पंडित नाही. शाळा आमची नववीतच सुटली आणि पुढे जे काही थोडेफार वाचले ते संध्याकाळच्या सभा आटोपल्यावर वाचले. परंतु यंत्राचा वेग हा विषय मात्र आमचा आहे. तो आमच्याकडे वारशानेच आला आहे.

मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलात सुरू झाला तो ऑक्टोबरात मिटला. त्या संपाच्या मुळाशी पगाराइतकाच दुसरा एक प्रश्न होता. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, कताईत एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहाव्यात, अशी नवी व्यवस्था काही गिरण्यांनी आणली होती आणि तिला कार्यक्षमतेची पद्धत असे भारदस्त नाव दिले होते. मालकांचे म्हणणे, यंत्र आमचे, तेव्हा त्यावर काम किती घ्यायचे हेही आम्हीच ठरविणार. कामगारांचे म्हणणे, ते वाढीव काम आमच्या हातापायांतून वसूल होते, तेव्हा आम्हांला विचारल्याशिवाय ते वाढवू नका. आमचे वडील या संपानंतर पुष्कळ वर्षांनी गिरणीत लागले. पण मागाची पुली बदलली की दिवसाच्या कापडाचा हिशोब कसा बदलतो, हे त्यांनी आम्हांला लहानपणी पाटीवर मांडून दाखविले होते. साऱ्या अवजड यंत्राचा वेग एका लहानशा जागी ठरतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आता कार्डाकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या एका सभासदाचा मुलगा एक जुने ग्राफिक्स कार्ड कापडी पिशवीत घालून कचेरीत आला. वडील वागळे इस्टेटीत लेथवर. मुलगा लग्नाचे व्हिडिओ जुळवून देण्याचा धंदा करू पाहणारा. कार्ड त्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यातून नऊ हजारांना घेतले होते. पावती अर्थातच नव्हती.

"काका, दुकानात त्यांनी गेम लावून दाखवला होता," तो म्हणाला. "घरी आणल्यावर ड्रायव्हरच बसत नाही. नुसतं मोठ्या अक्षरांचं चित्र दिसतं. परत घेऊन गेलो तर म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील."

दुकानदाराशी चार शब्द बोलायला संघटनेचा माणूस बरोबर असावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. आम्हांला त्या पाटीतले काहीच कळत नव्हते. परंतु तक्रार घेतली म्हणजे तिच्या मुळाशी जाणे आले. त्या मुळाशी जाता जाता चाळीस वर्षांचा एक इतिहास हाती लागला, तोच येथे मांडीत आहोत.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र तयार करणारा एक स्वतंत्र कारखानाच होय. त्यात मुख्य चिप असते, तिच्याभोवती तिची स्वतःची मेमरी असते, वीज पुरविणारा विभाग असतो आणि हे सारे थंड ठेवण्यासाठी पंखे असतात. हा कारखाना ठोक्यावर चालतो. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. अलीकडच्या कार्डांत दोन-अडीच हजार मेगाहर्ट्झ सहज आढळतात. ठोका किती पडावा, विजेचा दाब किती असावा, पंखा कोणत्या तापमानाला किती फिरावा, एकंदर किती वॅटपर्यंत जावे, मेमरीने एक काम करून दुसऱ्याला हात घालण्यापूर्वी किती थांबावे, या सर्वांची कोष्टके कार्डावरील आठ पायांच्या एका इवल्याशा चिपमध्ये लिहून ठेवलेली असतात. या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. कार्डाच्या बाबतीत बाजारात सरसकट बायोस म्हणतात. संगणक सुरू झाला की आधी हे लिखाण वाचले जाते आणि मग पुढचे सारे काम सुरू होते.

ठरलेल्यापेक्षा ठोका वाढविणे याला ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. एखादा प्रोग्रॅम चालवून तो वाढविता येतो, पण तो उसना वेग होय. संगणक बंद झाला, ड्रायव्हर नवा घातला किंवा विंडोज काढून लिनक्स बसविले, की कार्ड मुकाट्याने मूळ कोष्टकावर परत जाते. वेग कायमचा करायचा तर कोष्टकच बदलले पाहिजे. आमच्या भाषेत सांगायचे तर ओव्हरटाइम आणि मूळ पगार यांत जो फरक, तोच या दोहोंत. आणि मूळ पगाराला हात लावला की भांडण सुरू होते, हे काय सांगायला हवे?

या भांडणाची पहिली मोठी चकमक ग्राफिक्स कार्डाच्या किती तरी आधी झाली. १९८४ साली आयबीएम कंपनीने पीसी एटी नावाचा संगणक काढला. त्यातील इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. हा ठोका एका स्फटिकापासून येई. स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा, त्याचे निम्मे केले की सहा. यंत्र उघडून पाहणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की, हा स्फटिक खोबणीत नुसता बसविलेला आहे. तो काढून त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसविला की यंत्र ८ वर चालते. १८ चा बसविला तर पुष्कळदा ९ वरही चालते. थोडक्या डॉलरांच्या एका स्फटिकाने हजारो डॉलरांच्या यंत्राचे काम तिसऱ्या हिश्शाने किंवा दीडपटीने वाढले. वडिलांची पुली ती हीच, असे आम्हांला हे वाचताना वाटले.

कंपनीने काय केले? पुढच्या बायोसमध्ये तिने एक परीक्षा घातली. यंत्र सुरू होताना प्रोसेसरचा वेग यंत्रातल्याच दुसऱ्या एका घड्याळाशी ताडून पाहायचा, आणि तो ठरल्यापेक्षा जास्त आढळला तर पुढे चालायचेच नाही. यंत्र विकत घेणाराचे, मेज त्याचे, वीज त्याची. पण यंत्रात बसलेला मुकादम कंपनीचा! मग १९८६ च्या एप्रिलात त्याच कंपनीने ८ मेगाहर्ट्झचा पीसी एटी बाजारात आणला. एकोणिसाव्या शतकातील विलायती गिरण्यांत मालक घड्याळे मागेपुढे करीत आणि कामगाराने खिशात स्वतःचे घड्याळ बाळगलेले त्यांना खपत नसे, अशा हकीकती त्या काळच्या कामगारांनी लिहून ठेवल्या आहेत. वेळ मोजण्याचे साधन कोणाच्या ताब्यात, हा तंटा तेव्हाही होता. आयबीएमच्या त्या बायोसमध्ये आम्हांला तेच गिरणीचे घड्याळ दिसले.

तथापि कंपन्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. वाटाघाटीला बसणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगता आले पाहिजे, असा आमचा जुना नियम आहे. १९९० नंतरच्या दशकात एक खरीखुरी लबाडी चाले. कमी वेगाचे प्रोसेसर घेऊन त्यांवरील आकडे खरवडून काढायचे, जास्त वेगाचे आकडे छापायचे आणि महाग विकायचे, असा धंदा काही व्यापाऱ्यांनी मांडला होता. त्याला आळा घालण्याचे कारण देऊन इंटेलने प्रोसेसरचा गुणक आतूनच कुलूपबंद केला. कारण खोटे नव्हते. पण कुलूप लागले ते लबाड व्यापाऱ्याबरोबर प्रामाणिक ग्राहकालाही लागले.

कुलपाला बगल देणारेही निघालेच. १९९८ च्या ऑगस्टात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्तातला प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचाराने गुणून ३०० वर चाले. गुणक कुलपात होता, पण मूळ ठोका मदरबोर्डावर होता. तो १०० केला की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ! कंपनीचा त्या वेळचा सर्वांत वेगवान पेंटियम २ देखील ४५० चाच होता, आणि त्याची किंमत कित्येक पट होती. २००० सालच्या एएमडी कंपनीच्या ड्युरॉन व अ‍ॅथलॉन प्रोसेसरांची कथा तर याहून गमतीची. त्यांच्या पाठीवर एल १ नावाचे बारीक तांब्याचे पूल असत. ते तोडलेले असले की गुणक कुलपात. लोकांनी साध्या शिसपेन्सिलीने त्या तुटलेल्या जागेवर रेघा ओढल्या. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट वीज वाहून नेते, म्हणून कुलूप उघडले. पुढच्या पिढीत कंपनीने त्या जागी लेसरने खड्डे पाडले, तेव्हा लोक आधी खड्डे बुजवून मग वर रेघ ओढू लागले.

ग्राफिक्स कार्डांत हे भांडण आले ते आणखी एका कारणाने. कार्डाची चिप तयार करणे हे भाकरी भाजण्यासारखे आहे. एकाच तव्यावरच्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एका चकतीतून निघणाऱ्या शेकडो चिपांपैकी काही उत्तम, काही बेताच्या, काहींचा एखादा भाग निकामी. निकामी भाग बंद करून उरलेली चिप स्वस्तात विकणे हा त्यावरचा शहाणपणाचा उपाय; कच्चा माल वाया जात नाही आणि गरीब ग्राहकालाही काही मिळते. येथवर आमची काही तक्रार नाही. पण हळूहळू उत्पादन सुधारते, निकामी माल कमी होतो आणि स्वस्त कार्डाला मागणी मात्र तशीच राहते. मग काय करायचे? धडधाकट चिपचाच एक भाग बंद करून ती स्वस्तात विकायची. तयार झालेले सामर्थ्य कुलपात ठेवायचे आणि दोन किमती राखायच्या, ही गोष्ट व्यापाराच्या शास्त्रात बसत असेल. पण सारे आयुष्य यंत्रापाशी काढणाऱ्या माणसाला ती खटकते.

आणि ग्राहकाला ती कळली. २००२ सालच्या एटीआय कंपनीच्या रेडिऑन ९५०० या कार्डात वरच्या ९७०० चीच चिप होती, मात्र तिच्या आठ वाहिन्यांपैकी चार बंद. ड्रायव्हरात फेरफार करून लोकांनी त्या उघडल्या. काहींचे कार्ड उत्तम चालले. काहींच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले, म्हणजे त्यांच्या वाहिन्या खरोखरच निकामी होत्या. २००४ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स ६८०० मध्ये बारा वाहिन्यांच्या सोळा करण्याचे प्रयोग झाले. २०१० च्या डिसेंबरात एएमडीचे रेडिऑन एचडी ६९५० आले. त्यात १४०८ गणक उघडे होते आणि थोरल्या भावाच्या, ६९७० च्या, १५३६. धाकट्या कार्डाच्या चिपमध्ये थोरल्याचा बायोस लिहिला की पुष्कळ कार्डांत उरलेले १२८ जागे होत आणि ठोकाही थोरल्याचा होई, तोही कायमचा. विशेष म्हणजे या कार्डाच्या कडेला एक बारीक खटका होता आणि आत दोन बायोस होते. एक बिघडला तर खटका सरकवून दुसऱ्यावर उठता येई. ज्या कोणा अभियंत्याने तो खटका ठेवला त्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही, पण त्याच्याविषयी आम्हांला आदर वाटतो.

हे लिहिण्याचे काम प्रत्यक्षात कसे होते, ते आता थोडक्यात सांगतो. प्रथम कार्डातील मूळ बायोसची प्रत काढून सुरक्षित ठेवायची. ही पायरी चुकविणारा पुढे हमखास रडतो. मग त्या प्रतीवर संपादकाचा प्रोग्रॅम चालवायचा. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठी निबिटर होता, केप्लर आणि मॅक्सवेल पिढ्यांसाठी त्या त्या नावाचे ट्वीकर होते, एएमडीच्या पोलॅरिस पिढीसाठी पोलॅरिस बायोस एडिटर आहे. त्यात ठोका, दाब, पंखा, वॅट यांचे आकडे बदलायचे. बायोसातील सर्व आकड्यांची बेरीज ठरावीक यावी लागते. म्हणून एक आकडा वाढविला की ताळा जुळविणारा आकडाही बदलावा लागतो. जमाखर्चाच्या वहीत अफरातफर करणाराला हे समजावून सांगावे लागणार नाही! शेवटी एनव्हिडियासाठी एनव्हीफ्लॅश किंवा एएमडीसाठी एटीआयफ्लॅश वापरून नवी प्रत चिपमध्ये लिहायची. लिहिता लिहिता वीज गेली किंवा आकडा भलताच पडला, तर कार्ड विटेसारखे मुके होते. मग दुसऱ्या कार्डावर संगणक सुरू करून मुक्या कार्डात पुन्हा लिहावे लागते. तेही न जमले तर चिपच्या आठ पायांना चिमटा लावून सीएच३४१ए नावाच्या लहानशा प्रोग्रॅमरने लिहितात. आमच्याकडचे दुरुस्तीवाले हे काम सफाईने करतात. वर्षानुवर्षे टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त केलेला हात त्यांच्याजवळ असतो.

हे सारे चालू असता कंपन्यांनी जागा बदलली. स्फटिक होता तेव्हा तो बदलता आला, पूल होते तेव्हा ते जोडता आले, चिप होती तेव्हा ती लिहिता आली. आता त्यांनी लिखाणावर सही घेण्यास सुरुवात केली. ही सही शाईची नव्हे, गणिताची. कंपनीजवळच्या गुप्त किल्लीवाचून ती करता येत नाही आणि चिप स्वतः ती तपासून पाहते. एनव्हिडियाने २०१४ सालच्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून चिपच्या अंतर्गत फर्मवेअरला अशी सही लावली. त्याचा फटका बसला तो नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर फुकट, आपल्या फुरसतीत लिहिणाऱ्या मंडळींना. ठोका बदलण्याला लागणारे सही केलेले फर्मवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरवर ही कार्डे सुरू होतानाच्या मंद ठोक्यावरच अडकून राहिली. येथे वेग वाढविण्याचा प्रश्न नव्हता. कंपनीने छापलेला वेगही मालकाला मिळत नव्हता! पुढे २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेत बायोसाची सहीही कडक झाली आणि घरी संपादन केलेला बायोस त्या कार्डांवर चालेनासा झाला.

मधल्या काळातील एक प्रसंग आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. २०१५ च्या आरंभी एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरांनी लॅपटॉपांतील जीटीएक्स ९०० एम कार्डांचे ओव्हरक्लॉकिंग बंद केले. लोकांनी विचारणा केली, तेव्हा फेब्रुवारीत कंपनीने खुलासा केला की ही सोय मुळात चुकून राहिली होती आणि यंत्रे तापू नयेत म्हणून ती काढली. जी सोय पाहून लोकांनी लॅपटॉप घेतले ती विक्रीनंतर चूक ठरली, हे ग्राहकांनी मानले नाही. जगभरातून इतका ओरडा झाला की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरविला आणि पुढच्या ड्रायव्हरात सोय परत देण्याचे कबूल केले. ना संघटना, ना निधी, ना फलक. तरीही एकाच वेळी पुष्कळांनी एकच मागणी केली आणि ती मिळाली. आम्ही ही हकीकत आमच्या अभ्यासवर्गात सांगत असतो.

आणि आता २०२० चा जानेवारी. एएमडीने रेडिऑन आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड जाहीर केले. मेमरीचा वेग १२ गिगाबिट. तोच प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने आपल्या आरटीएक्स २०६० ची किंमत २९९ डॉलरांपर्यंत खाली आणली. एएमडीचे कार्ड २७९ ला विकले जाणार होते; आता ते कोण घेईल? कार्डे तर तयार होऊन खोक्यांत बंद झाली होती, किती तरी वाटेवर होती. विक्री २१ जानेवारीला सुरू व्हायची होती. अगदी तोंडावर एएमडीने कार्डे बनविणाऱ्यांना नवा बायोस पाठविला. त्यात चिपचा ठोका वाढविलेला, वॅटची मर्यादा वाढविलेली, आणि मेमरी १२ ची १४ केलेली. ज्यांनी जुन्या बायोसचे कार्ड घेतले त्यांनी तो आपल्या हाताने लिहून घ्यावा, अशी व्यवस्था झाली. कार्डे बनविणाऱ्यांपैकी एकाने तर उघडच सांगितले की, १२ साठी पारखलेल्या मेमरीपैकी प्रत्येक चिप १४ वर नीट चालेलच याची हमी नाही.

म्हणजे काय झाले ते पाहा. तयार कार्डाच्या बायोसात ठोका वाढवून लिहिणे, हे ग्राहकाने स्वतःच्या बुद्धीने केले तर कार्डाशी छेडछाड आणि हमी रद्द. आणि बाजारातील चढाओढीपायी कंपनीने करविले तर ती सुधारणा. चिप तीच, मेमरी तीच, पंखाही तोच. मग धोका धोका म्हणून जो सांगितला जातो तो नेमका कोणाच्या दृष्टीने? आम्ही १९२८ चा उल्लेख केला तो यासाठी. वेग वाढविणे सुरक्षित की असुरक्षित, याचा निकाल त्या कामी कोणाचा फायदा आहे हे पाहून लावला जाई, असे आमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते.

याच्या उलट चाल पुढच्याच वर्षी दिसली. इथीरियम या चलनाचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर चाले आणि त्यापायी बाजारात कार्डे मिळेनाशी झाली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० विकताना असा बंदोबस्त केला की, कार्डाला खाणकामाचा वास येताच त्या कामाचा वेग निम्मा व्हावा. ड्रायव्हर, चिप आणि बायोस यांच्यात आपसांत खूण ठरलेली असल्याने हे मोडणार नाही, असे सांगण्यात आले. आणि मार्चमध्ये कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या ४७०.०५ या ड्रायव्हरात तो बंदोबस्त चुकून गळून पडला! कुलूप करणाराकडूनच किल्ली दारात पडली. वेग वाढू न देण्यावरून जी कुलपे सुरू झाली होती ती आता ग्राहकाने कोणते काम करावे येथवर येऊन पोहोचली होती.

खाणकामाचा विषय निघाला म्हणजे आमच्या मुलाच्या कार्डाकडे परत येणे भाग आहे. आणि येथे आम्हांला आमच्याच पक्षाविरुद्ध थोडे बोलावे लागेल. वेगाला किंमत असते. चिप जितकी वीज खाते ती ठोक्याच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढविले तर खर्च दहा नव्हे, तेहतीस टक्क्यांनी वाढतो आणि ती सारी उष्णता होते. चिपमधील बारीक तारांतून वाहणाऱ्या विजेच्या रेट्याने धातूचे कण हळूहळू सरकतात आणि शेवटी तार तुटते. प्रवाह आणि तापमान वाढले की हे किती लवकर होते त्याचे सूत्र जेम्स ब्लॅक या संशोधकाने १९६९ साली मांडले. तेव्हा कार्ड ज्याचे, झीजही त्याची, तोवर ठीक. कार्ड विकले गेले की झीज दुसऱ्याच्या घरी जाते.

२०१६ पासून पुढे एएमडीची आरएक्स ४७० ते ५८० ही कार्डे खाणवाल्यांनी शेकड्यांनी लावली. एकेक कार्डाला रोज प्रोग्रॅमने वेग कोण देत बसणार? म्हणून त्यांनी बायोसच बदलले. मेमरीच्या प्रत्येक वेगासाठी थांबण्याचे वेगळे कोष्टक असते. वेग जास्त तसे थांबणे सैल. त्यांनी कमी वेगाची घट्ट कोष्टके जास्त वेगाच्या जागी चिकटविली. त्यामुळे आरएक्स ५८० चा खाणीतला आकडा २२-२४ वरून २९-३० च्या घरात गेला. त्याच वेळी वीज वाचावी म्हणून मुख्य चिपचा ठोका आणि दाब मात्र उतरविला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथीरियमने हे खाणकामच बंद केले आणि ती कार्डे जुन्या बाजारात आली. खोके पुसलेले, पंखे धुतलेले. बायोस मात्र खाणीचाच.

मुलाच्या कार्डाचे हेच झाले होते. एएमडीचा विंडोजमधील ड्रायव्हर बदललेला बायोस दिसला की बसत नाही. त्याला चुकविणारा एक लहानसा प्रोग्रॅम खाणवाले वापरीत. दुकानदाराच्या संगणकावर तो असणार, म्हणून तेथे गेम चालला. मुलाने घरी कोरा ड्रायव्हर घातला आणि कार्ड अडले. आम्ही दोघे त्या गाळ्यावर गेलो. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने शंभर कार्डे वजनावारी घ्यावीत तशी घेतली होती आणि आत काय लिहिले आहे ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. पैसे परत द्यायला मात्र तो तयार होईना. शेवटी शेजारच्या गाळ्यातील दुरुस्तीवाल्याकडे कार्ड न्यायचे आणि खर्च दुकानदाराने सोसायचा, एवढ्यावर समेट झाला. आमच्या आयुष्यात याहून वाईट समेट आम्ही पुष्कळ केले आहेत.

कार्डावर खटका होता. तो सरकवून पाहिला. दुसरा बायोसही खाणीचाच निघाला. दुरुस्तीवाल्याने पंखा उतरविला, भिंगातून मेमरीवरचा शिक्का वाचला, हायनिक्सची आहे असे सांगितले आणि त्याच बनावटीच्या कार्डाचा, त्याच मेमरीचा मूळ बायोस शोधून काढला. मेमरी दुसऱ्या कंपनीची असती तर हाच बायोस चालला नसता. चिमटा लावला, पहिल्या खेपेस मेळ बसला नाही, दुसऱ्या खेपेस बसला. लिहायला दोन मिनिटेही लागली नसतील. संगणक सुरू झाला, ड्रायव्हर बसला, मुलाने आपल्या पेन ड्राइव्हमधील कोणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ लावून पाहिला.

परत येताना लोकलमध्ये तो आम्हांला म्हणाला, "काका, आता थोडा क्लॉक वाढवून बघू का? बायोसमध्येच लिहून टाकतो." आम्ही त्याला मूळ प्रत कुठे ठेवली आहेस ते विचारले. त्याने पेन ड्राइव्ह दाखविला. दुसरी प्रत घरी गेल्यावर वडिलांच्या संगणकावर ठेव, आणि पुढेमागे हे कार्ड विकलेस तर काय बदलले आहे ते कागदावर लिहून घेणाराच्या हातात दे, असे आम्ही त्याला सांगितले. ठाणे येईपर्यंत तो त्या कागदावर काय काय लिहावे लागेल ते आम्हांला विचारीत होता.